अनोळखी खरेदीदाराला पत्र लिहिताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा घेणारा माणूस मालासमोर उभा असतो. हळकुंड मोडतो, मोडताना येणारा खणखणीत आवाज ऐकतो, आतला रंग बघतो, बोटांवर घासून वास घेतो. विकणाऱ्याला फारसं बोलावं लागत नाही. रॉटरडॅमच्या किंवा ह्यूस्टनच्या खरेदी विभागात बसलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. त्याच्यापुढे येतो तो एका अनोळखी पेढीचा मेल, आणि तो वाचायचा की पुसून टाकायचा हे तो बघता बघता ठरवून मोकळा होतो.

आमच्या घरात अडत वडिलांची. निर्यातीचं काम मी बघते. ओळखदेख नसलेल्या माणसाला मालाविषयी पहिल्यांदा लिहायचं, ज्याला धंद्यात कोल्ड मेल म्हणतात, ते या कामातलं नेहमीचं. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, मागोमाग जेमिनी, क्लॉड, कोपायलट अशी साधनं आली आणि हे लिहिणं मुळापासून बदललं. पूर्वी सफाईदार इंग्रजी ही आमच्यासारख्या पेढ्यांची मोठी अडचण होती. ती आता कुणालाच राहिलेली नाही. निझामाबाद, इरोड, सांगली, कुठूनही निघालेला मेल सारखाच गुळगुळीत असतो. त्यामुळे चांगल्या इंग्रजीला भाव उरला नाही आणि मालाच्या नेमक्या माहितीला तो चढला. पुढचे अनुभव या एका बदलातून आलेले आहेत.

१. आधी माणूस निवडा, मजकूर नंतर

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क यांनी इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात एकदम पाठवली. तक्रारी झाल्या आणि कॉम्प्युटर विकलेही गेले. तेव्हापासूनचा हा मोह आहे: एक मजकूर, शेकडो पत्ते. एआयने तो मोह आणखी वाढवला, कारण आता प्रत्येक पत्त्यासाठी नाव आणि कंपनी बदलून वेगळा भासणारा मेल मिनिटात तयार होतो.

हळदीचं गिऱ्हाईक एका जातीचं नसतं. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका, मलेशिया, मोरोक्को हे सगळे आपली हळद घेतात, पण कारणं निराळी. हळदीतलं रंगद्रव्य कर्क्युमिन काढून घेणाऱ्या कारखान्याला त्याची टक्केवारी हवी असते. हळकुंडाचा आकार त्याच्या दृष्टीने फुकट. मसाल्याची पाकिटं भरणाऱ्याला रंग आणि प्रत्येक लॉटमध्ये सारखेपणा हवा. दुबईचा घाऊक व्यापारी भाव, बोटीची तारीख आणि पैसे देण्याच्या अटी विचारतो. या तिघांना एकच मेल पाठवणं म्हणजे तिघांनाही न पाठवणं.

एआयचा पहिला उपयोग मी इथे करते. दुबईचं गल्फूड, कलोनचं अनुगा, पॅरिसचं सियाल, न्यूरेंबर्गचं बायोफाख या प्रदर्शनांच्या सहभागी कंपन्यांच्या याद्या खुल्या असतात. ती यादी साधनाला देऊन सांगायचं की यातून मसाला पाकिटवाले, अर्क काढणारे आणि घाऊक व्यापारी असे तीन गट कर, आणि जिथे खात्री नाही तिथे ‘माहीत नाही’ असं लिही. हे शेवटचं वाक्य विसरू नका. ते सांगितलं नाही तर साधन प्रत्येक कंपनीला कुठल्या तरी गटात बसवून टाकतं.

२. साधनाने सांगितलेली माहिती मूळ जागी जाऊन बघा

कंपनीविषयी विचारलं की साधन उत्साहाने उत्तर देतं. त्यातलं काही खरं असतं, काही जुनं असतं, काही निव्वळ रचलेलं असतं, आणि तिन्ही एकाच खात्रीच्या सुरात येतात. खरेदी अधिकाऱ्याचं नाव रचलं जातं. नावावरून मेलचा पत्ता अंदाजाने बनवला जातो. अशा पत्त्यावर पाठवलेला मेल परत येतो, आणि परत येणाऱ्या मेलचं प्रमाण वाढलं की आपल्या डोमेनवरचाच विश्वास कमी होतो. मग खऱ्या पत्त्यावरचे मेलही स्पॅममध्ये जाऊ लागतात. म्हणून मेलमध्ये समोरच्याविषयी जे वाक्य जाईल ते मी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर डोळ्यांनी वाचलेलं असतं. नाही वाचलं तर वाक्य काढते.

३. आधी मराठीत बोला

मला सर्वांत जास्त फळ या सवयीने दिलं आहे.

बहुतेक लोक साधनाला सांगतात, ‘अमेरिकेतल्या मसाला आयातदाराला हळदीविषयी मेल लिहून दे.’ मग जे येतं ते कुणाचंही असू शकतं, कारण त्यात तुम्ही काही घातलेलंच नसतं. मी उलट करते. फोनवर आवाजाने टंकायची सोय चालू करते आणि यार्डात एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याशी बोलावं तसं मराठीत बोलते. यंदा माल कुठल्या गावांचा आहे, पाऊस लांबल्याने काढणी किती मागे गेली, हळद शिजवून वाळवताना काय काळजी घेतली, पॉलिश किती ठेवलं, कुठला लॉट उजवा आहे आणि का, या पार्टीला त्यातलं काय उपयोगी पडेल. अघळपघळ असू दे. वाक्यं अर्धवट राहू देत.

मग साधनाला सांगते: ‘लगेच लिहू नकोस. हे वाचून मला प्रश्न विचार.’ हे प्रश्न फार कामाचे असतात. महिन्याला किती टन देऊ शकता? अहवाल कुठल्या प्रयोगशाळेचा आहे? पूर्ण कंटेनरपेक्षा कमी माल पाठवता का? नमुना किती दिवसांत पोहोचेल? उत्तरं देताना आपल्याच ध्यानात येतं की कुठे आपली तयारी नाही. बरेचदा मी मेल बाजूला ठेवून आधी नवा अहवाल मागवते.

त्यानंतर मसुदा. साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, आणि मी सांगितलेल्या माहितीच्या बाहेरचं काहीही न घालता. ही अट मी प्रत्येक वेळी शब्दशः लिहिते.

मराठीत बोलल्याचा फायदा असा की आपलं ज्ञान ज्या भाषेत साठलेलं आहे त्या भाषेतून ते पूर्ण बाहेर येतं. इंग्रजीत लिहायला बसलं की आपल्याला जेवढं इंग्रजी येतं तेवढाच माल आपण विकतो. माझ्या वडिलांना हळदीतलं जे कळतं त्याचा दहावा भागही कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. आता ते शेजारी बसून बोलतात आणि ते सगळं मसुद्यात येतं. या साधनांनी आमच्यासाठी केलेली सर्वांत मोलाची गोष्ट मी हीच मानते.

४. शेजारच्या गाळ्याची कसोटी

मसुदा आला की प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारायचा: शेजारच्या गाळ्यावरची पेढी हेच वाक्य जसंच्या तसं पाठवू शकेल का? पाठवू शकत असेल तर ते वाक्य गेलं.

‘आम्ही उत्कृष्ट दर्जाच्या मसाल्यांचे अग्रगण्य निर्यातदार आहोत.’ गेलं. ‘आपल्या कंपनीच्या प्रगतीने आम्ही प्रभावित झालो.’ गेलं. ‘परस्परहिताचे दीर्घकालीन संबंध प्रस्थापित करण्यास आम्ही उत्सुक आहोत.’ हेही गेलं. साधनांना अशी वाक्यं फार आवडतात. खरेदीदाराने ती इतकी वाचलेली असतात की त्याचे डोळे त्यांवर थांबत नाहीत.

ही छाटणीसुद्धा साधनाकडूनच करून घेता येते. नव्या खिडकीत मसुदा टाकायचा, तो आपण लिहिला असं सांगायचं नाही, आणि म्हणायचं: ‘तू हळद घेणारा खरेदी अधिकारी आहेस. अशीच पत्रं रोज येतात. यातल्या कुठल्या वाक्यावर थांबशील, कुठलं ओलांडून जाशील आणि काय विचारशील ते सांग.’ आपला म्हणून दाखवलेल्या मसुद्याचं साधन कौतुक करत बसतं. परक्याचा म्हणून दिला की त्यातली उणीव नीट दाखवतं.

सगळं छाटून जे उरतं त्याचा आशय साधारण असा असतो. आकडे नमुन्यादाखल आहेत:

‘आपल्या संकेतस्थळावर हळद पावडरीची दोन पाकिटं पाहिली. आम्ही सांगलीहून राजापुरी हळकुंडं आणि पावडर देतो. मार्चच्या लॉटचा अहवाल असा: कर्क्युमिन ३.२ टक्के, ओलावा ९ टक्के, शिसं ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नाही, इथिलीन ऑक्साइड मोजता येण्याच्या मर्यादेखाली. माल वाफेने निर्जंतुक केलेला आहे. अहवालाची प्रत मागितल्यास पाठवते. पावडरीसाठी कर्क्युमिनची किमान अट आपण किती ठेवता?’

खाली नाव, पेढीचा पत्ता, फोन. एवढंच. शेवटचा प्रश्न असा आहे की त्याला एका आकड्यात उत्तर देता येतं. ‘आपण एखादी मीटिंग ठरवू या का’ असं साधन सुचवतं. ते मी ठेवत नाही. अनोळखी माणसाकडे त्याचा अर्धा तास मागण्यापेक्षा एक आकडा मागितलेला बरा. आणि तो आकडा आला म्हणजे संभाषण सुरू झालं.

५. समोरच्याच्या भीतीला पहिल्याच मेलमध्ये उत्तर द्या

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाला मिश्रणांवर इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूच्या कारणाने कारवाई केली. तेव्हापासून मसाल्याच्या बोलण्यांत हा विषय भावाच्या आधी येतो. युरोपीय संघात मसाल्यांसाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. हळदीच्या बाबतीत दुसरी भीती शिशाची. रंग उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं संयुग मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीला आले आहेत, आणि त्याचा डाग प्रामाणिक माणसाच्या मालावरही पडतो. मूळ-कंदांच्या मसाल्यांसाठी युरोपात शिशाची मर्यादा किलोमागे १.५ मिलिग्रॅम. बुरशीच्या विषांपैकी अफलाटॉक्सिन बी-१ साठी ५ मायक्रोग्रॅम, एकूण अफलाटॉक्सिनसाठी १०.

खरेदीदार या आकड्यांच्या धास्तीत असतो. माल बंदरात अडला तर त्याची नोकरी पणाला लागते. अशा माणसाला ‘शुद्ध, पारंपरिक, सुगंधी’ असं लिहून काही साधत नाही. त्याला काय छळतंय ते आपल्याला माहीत आहे हे कळायला हवं. साधनाला मी विचारते, ‘या देशातला खरेदीदार भारतीय हळद नाकारायची पाच कारणं काय देईल?’ यादी येते, ती मी नियमांशी ताडून बघते, आणि त्यातल्या दोन मुख्य कारणांचं उत्तर आकड्यांत पहिल्याच मेलमध्ये देते.

विश्वासाचा दुसरा भाग म्हणजे तपासता येतील अशा खुणा. आयात-निर्यात कोड, कोचीच्या स्पायसेस बोर्डाची नोंदणी, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, यार्डातला खरा पत्ता, उचलला जाईल असा फोन. खोटे विक्रेतेही आता एआयने सुंदर मेल लिहितात. त्यामुळे सुंदर मेल हाच संशयाचा विषय झाला आहे, आणि पडताळता येणारा साधा क्रमांक त्याहून जास्त बोलतो.

६. जे आपल्याकडे नाही ते मेलमध्ये नको

साधन मसुदा ‘सुधारताना’ विशेषणं घालतं. ‘सेंद्रिय’, ‘थेट शेतकऱ्यांकडून’, ‘भौगोलिक मानांकनप्राप्त’. यातला प्रत्येक शब्द कागद मागतो. सेंद्रिय म्हणायचं तर एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालचं प्रमाणपत्र हवं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी वर्ध्याच्या वायगावला मिळालं होतं, पुढे वसमतलाही मिळालं; पण पेढी सांगलीत आहे एवढ्यावर ते चिन्ह वापरता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. लेखी दिलेला शब्द उद्या करारभंगाचा पुरावा होतो.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचंही असंच. कृष्णाकाठच्या जमिनीत खोदलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. २००५ च्या महापुराने त्यांचं फार नुकसान केलं. गोष्ट सुंदर आहे, साधनाला ती सापडली की ते प्रत्येक मेलमध्ये घालू बघतं. पण आपला माल गोदामात किंवा शीतगृहात ठेवलेला असेल तर पेवांचं नाव घेण्याचा आपल्याला हक्क नाही. आणि खरोखर पेवातला माल असला तरी ती गोष्ट पाकिटावर छापू शकणाऱ्या किरकोळ ब्रँडला सांगावी. अर्क काढणाऱ्या कारखान्याला तिचा उपयोग नाही.

७. लांबी

फोनच्या एका पडद्यात मावेल इतकी. सव्वाशे शब्दांवर गेला की मी कापते.

८. विषयाची ओळ

माल, हंगाम, एक आकडा. ‘राजापुरी हळद, नवा हंगाम, कर्क्युमिन ३.२ टक्के’ एवढं पुरतं. उत्सुकता चाळवणाऱ्या ओळी साधन भराभर सुचवतं. जुना पत्रव्यवहार चालू असल्याचा भास करून देणारी ओळ तर कधीच नको. पहिल्याच ओळीत फसवलेल्या माणसाशी सौदा कसा होणार?

९. वेळ हंगामाप्रमाणे

नवी हळद जानेवारीपासून निघते आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये यार्डात आवक भरात असते. वर्षाच्या खरेदीचा विचार तेव्हा चालू असतो, म्हणून नव्या लॉटचा अहवाल हाती आला की लगेच लिहावं. युरोपात ऑगस्टमध्ये खरेदी विभाग निम्मे सुट्टीवर असतात, नाताळच्या आसपासही तसंच. आखातात रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी असते, सौदी आणि बांगलादेशात शुक्रवार-शनिवार. आणि गल्फूडच्या आठवड्यात मसाल्याच्या व्यापाऱ्याला मेल पाठवू नये. तो स्टॉलवर उभा असतो. प्रदर्शनाच्या दोन-तीन आठवडे आधी लिहून भेटीची वेळ विचारली तर उत्तर येतं.

१०. जी भाषा आपल्याला वाचता येत नाही

साधन जर्मन, फ्रेंच, अरबी सगळं लिहून देतं. तरी मी पहिला मेल साध्या इंग्रजीतच पाठवते. जर्मनमध्ये पाठवलं की उत्तर जर्मनमध्ये येतं, मग फोनही जर्मनमध्ये येतो, आणि तिथे आपण उघडे पडतो. मोरोक्कोसारख्या ठिकाणी फ्रेंचचा खरंच उपयोग होतो. तिथे मी साधनाचा मसुदा पुण्यात फ्रेंच शिकलेल्या ओळखीच्या मुलीला दाखवते आणि तिला त्याचे पैसे देते. व्यापारी पत्रातला आदर कमी-जास्त झालेला तिला एका नजरेत दिसतो. मला तो कधीच दिसला नसता.

११. कायदा बघा

अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याप्रमाणे अनोळखी व्यावसायिकाला मेल पाठवता येतो, पण खरा टपाली पत्ता द्यावा लागतो, नको म्हणायची सोय ठेवावी लागते आणि कुणी नको म्हटलं तर कामाच्या दहा दिवसांत ते पाळावं लागतं. जर्मनीत स्थिती अगदी वेगळी: तिथल्या अनुचित स्पर्धाविरोधी कायद्याच्या कलम ७ खाली पूर्वसंमतीवाचून जाहिरातीचा मेल कंपनीलाही पाठवता येत नाही. कॅनडाचा कायदाही संमतीवर उभा आहे. साधन आपणहून हे सांगत नाही, विचारावं लागतं, आणि सांगितलेलं तपासावं लागतं. जर्मनीसाठी मी कागदी पत्र आणि प्रदर्शनातली भेट हाच मार्ग धरला आहे. टपालाने गेलेलं सहीचं पत्र आणि सोबत छोटी पुडी. हल्ली असं कुणी पाठवत नाही, म्हणून ते उघडलं जातं.

१२. मेल पोहोचतो का, हे आधी बघा

पेढीच्या नावाचं डोमेन घ्या आणि त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी करून घ्या. हा मेल खरंच आपल्याकडूनच निघाला याची ती साक्ष असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने याबाबत कडक धोरण धरलं. मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी तिन्ही सक्तीच्या झाल्या आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अट आली. आपण थोडे मेल पाठवत असलो तरी या नोंदी हव्यातच. संगणक दुरुस्त करणारा मुलगाही हे करून देतो. पहिल्या मेलला जड फाइल जोडू नका, अनोळखी जोडपत्रं पुष्कळ कंपन्यांत अडवली जातात. म्हणून तर आकडे मजकुरातच लिहायचे.

१३. आठवण करून देताना हात रिकामा नको

‘माझा मेल पाहिलात का’ हा मेल नव्हे. दुसऱ्यांदा लिहायचं तर काही नवं हवं: नव्या लॉटचा अहवाल, यार्डातली आवक कशी आहे याच्या दोन ओळी, नमुना तयार असल्याची खबर. दोनदा लिहून उत्तर नाही आलं तर मी पुढच्या हंगामापर्यंत थांबते. साधनं आपोआप सात-सात आठवणी पाठवण्याची सोय देतात. ती मी बंदच ठेवते, कारण पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे आपल्याला परत जायचं असतं.

१४. गिऱ्हाइकाचा भाव कुठल्याही साधनात टाकू नका

जुन्या पार्टीचे करार, कुणाला काय दराने दिलं, बँकेचे तपशील, दुसऱ्याचे खाजगी मेल. हे फुकटच्या साधनात चिकटवायचं नाही. अनेक साधनांत आपला मजकूर प्रशिक्षणासाठी न वापरण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती पहिल्या दिवशीच लावावी. तरीही दराच्या जागी ‘अमुक’ लिहूनच मजकूर द्यावा. यार्डात रुमालाखाली हातावर भाव ठरवण्याची रीत होती, तिच्यामागे हीच समज होती की दोघांचा भाव तिसऱ्याला कळू नये.

१५. उत्तर आलं की स्वतः पुढे या

खरेदीदाराकडून मग लांबलचक स्पेसिफिकेशन येतं. ते आपल्या अहवालाशी ओळीने ताडून बघायला साधन उत्तम. पण मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांचा घोळ होऊ शकतो आणि तो हजारपटीचा असतो, म्हणून शेवटचा तक्ता मी कागदावर छापून वडिलांसोबत वाचते. प्रश्नांची उत्तरं मी स्वतः लिहिते, मोडक्या वाक्यात का होईना. पहिला मेल गुळगुळीत आणि फोनवरचा माणूस वेगळाच, असं झालं की समोरचा सावध होतो. जे जमणार नाही ते त्याच दिवशी ‘जमणार नाही’ म्हणून कळवते. एवढ्या कर्क्युमिनचा माल आमच्याकडे नाही, तो वायगावच्या बाजूला मिळेल, असं लिहिल्यावर त्याच पार्टीने पुढे दुसऱ्या मालासाठी विचारलेलं आहे.

आणि पैसे देण्याच्या खात्याचा तपशील बदलल्याचा मेल कुणाच्याही नावाने आला, कितीही ओळखीच्या भाषेत आला, तरी आधी माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारा. समोरच्यालाही हे पहिल्याच सौद्यात सांगून ठेवा.

सांगलीत, वसमतला, हिंगोलीत आज शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहत आहेत. त्यांतल्या तरुण मुलामुलींकडे चांगला माल आहे, घरात पिढ्यांचं ज्ञान आहे, आणि इंग्रजीची धास्ती आता आड यायचं कारण नाही. त्यांना माझं सांगणं आहे: यादी विकत घेऊ नका. एक खरेदीदार निवडा, त्याचं संकेतस्थळ संध्याकाळभर वाचा, मालाचा ताजा अहवाल मागवा, घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून मराठीत बोला, आणि मग या साधनाकडून लिहून घ्या. पाठवण्याआधी प्रत्येक आकडा स्वतः तपासा.